कातडीलाही वापसा लागतो

या पानावर आजवर केळीचा करपा, कागड्याच्या कळीतली अळी, बावखलातला गाळ असलंच लिहीत आलोय. आज कातडीवर लिहितो. गुरांच्या नाही, आपल्या. आणि विषय आहे एका जपानी बाटलीचा, पोरीबाळी तोंडाला लावतात त्या टोनरचा. हसा, हरकत नाही. आमच्या घरातही आधी सगळे हसलेच. पण पुढं वाचा, कारण यात खताच्या दुकानातला अंगठा आहे आणि फवारणीही आहे.

आमचं वटार समुद्राच्या अंगाला. इथं वाऱ्याचं वेळापत्रक ठरलेलं. दुपारी खारा वारा समुद्रावरून आत येतो, रात्र उलटली की मतलई वारा जमिनीवरून समुद्राकडं जातो. पावसाळ्यात हवेत एवढी ओल की डब्यातलं मीठ पाझरतं, तेव्हा कातडीची आठवणही येत नाही. पण थंडीत, मार्गशीर्ष-पौषाच्या पहाटे हा मतलई वारा कोरडा ठणठणीत येतो. आमच्याकडं राजेळी केळ्यांची सुकेळी करतात, आगाशीची सुकेळी तुम्ही ऐकली असतील. ती करणारा असल्याच कोरड्या हवेची वाट बघत असतो. आता जी हवा केळ्यातलं पाणी ओढून घेते, ती आपल्या हातातलं कशाला सोडेल?

त्यात आपलं काम असं की हात सारखे ओले आणि सारखे सुके. आमची मंडळी पहाटे कागड्याच्या कळ्या खुडते. झाडावर दव, बोटं ओली. मग वारा, बोटं सुकी. मग वाफ्याला पाणी, पुन्हा ओली. मग साबण, पुन्हा सुकी. काळ्या जमिनीवाल्या भावांना सांगायला नको की एकदा भिजवून, तडकू देऊन, पुन्हा भिजवलं की भेग आणखी खोल जाते. बोटांच्या टोकांना तशाच भेगा पडतात. कागड्याची कळी पांढरीशुभ्र, तिच्यावर रक्ताचा एक थेंब लागला तरी ती निवडून बाजूला टाकावी लागते. दादरच्या फूलबाजारात गिऱ्हाईक फूल बघतो, खुडणारीची बोटं नाही.

अंगठ्याचं सांगतो. अनुदानाचं खत घ्यायला 2018 पासून देशभर मशीनवर अंगठा लावावा लागतो. मागच्या थंडीत युरियाच्या दोन गोण्या घ्यायला गेलो तर अंगठा लागेना. उजवा लावला, डावा लावला, सगळी बोटं झाली. दुकानदार म्हणाला, "काका, बोट जरा केसांना घासा." घासलं, आणि लागलं! रेशनच्या रांगेत म्हातारी माणसं हेच करतात, सगळ्यांनी पाहिलंय. यात जादू काही नाही. कोरड्या बोटावरचे पापुद्रे सुटलेले असतात, काचेवर रेघा तुटक उमटतात. केसांच्या तेलानं त्या तेवढ्यापुरत्या जुळतात. ही गोष्ट घरी रंगवून सांगितली तेव्हा सूनबाई आत गेली आणि बाटली घेऊन आली. म्हणाली, "बाबा, हे लावून बघा. तुमच्या बोटांत पाणीच राहिलेलं नाही."

ती विरारहून लोकलनं नोकरीला जाते, दिवसभर एसीत बसते. तिचं म्हणणं असं की तिचा चेहरा तेलकट आहे आणि तरीही ताणल्यासारखा होतो. मला ते पटेना. तेल आहे तर कोरडं कसं? तिनं मोबाइलवर वाचून दाखवलं आणि मी ते माझ्या भाषेत लावून घेतलं. कातडी दोन तऱ्हेनं कोरडी असते. एकीत मुळातच तेल कमी. ती आमच्या किनाऱ्याच्या रेताड जमिनीसारखी, पाणी द्या, खाली निघून जातं, धरून ठेवायला सेंद्रिय काही नाहीच. दुसरीत तेल बरं असतं पण पाणी उडालेलं असतं. ती चांगल्या पोताची पण पाळी चुकलेली जमीन. पहिलीला शेणखत पाहिजे, दुसरीला पाणी. माझ्यासारख्या पन्नाशी ओलांडलेल्याच्या हाताला दोन्ही पाहिजे, कारण वय वाढलं की कातडीतलं तेलही आटत जातं.

आता बाटली. रोह्तो नावाची जपानी कंपनी आहे, ओसाकाची, 1899 सालची, औषधं बनवणारी. तिनं 2004 मध्ये हादा लाबो नावानं हा माल काढला. जपानीत हादा म्हणजे कातडी. आमच्या शेजारच्या काकांनी हाड ऐकलं आणि गुडघ्याला चोळायचं तेल समजून मागायला आले, ते वेगळंच. जपानात ही श्रीमंतांची वस्तू नाही, औषधाच्या दुकानात हजार येनच्या आतबाहेर मिळते आणि बाटली संपली की नुसती पिशवी आणून पुन्हा भरतात. तिकडं तोंड धुतलं की असलं पाणी तळहातावर घेऊन चेहऱ्यावर थापायची रीतच आहे. आपल्याकडं टोनर म्हटलं की पूर्वी स्पिरिटसारखं झोंबणारं काहीतरी असायचं, तेल काढून टाकणारं. हे त्याच्या उलट. यात स्पिरिट नाही, वास नाही, रंग नाही. हातावर घेतलं तर तांदळाच्या निवळ पेजेसारखं, किंचित बुळबुळीत.

त्यात मुख्य काय, तर हायलुरोनिक आम्ल. नावावरून घाबरू नका, जाळणारं आम्ल नव्हे. आपल्या कातडीत, सांध्यात, डोळ्यात ते असतंच. 1934 साली कार्ल मेयर आणि जॉन पामर या दोघांनी अमेरिकेत गाईच्या डोळ्यातल्या गिरातून ते पहिल्यांदा वेगळं काढलं. पुढं ते कोंबड्याच्या तुऱ्यातून काढायचे. आता जिवाणू वाढवून टाकीत आंबवून काढतात, आपण अॅझोटोबॅक्टर वाढवतो त्याच जातीचं काम. या पदार्थाचा गुण एकच, पाणी धरून ठेवणं.

असा पदार्थ आपल्या ओळखीचा आहे. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचं पुसा हायड्रोजेल. एकरी किलो-दोन किलो मातीत मिसळायचं, ते आपल्या वजनाच्या साडेतीनशे पटीहून जास्त पाणी पितं आणि मुळांना हळूहळू सोडतं. टोनरमधला माल म्हणजे कातडीचं हायड्रोजेल समजा. आणि जी मेख हायड्रोजेलला आहे ती इथंही आहे. शुद्ध पाण्यात ते जेवढं फुगतं तेवढं खाऱ्या पाण्यात फुगत नाही. ज्यांच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात त्यांना हे कळेल. हायलुरोनिकच्या जाहिरातीत एक ग्रॅम इतके लिटर पाणी धरतो असे आकडे असतात, ते वाचून भुलू नका. बाटलीत तो असतो चिमूटभर, आणि कातडी म्हणजे काचेचं भांडं नव्हे. मोठे रेणू वरच बसून पातळ साय धरतात, बारीक केलेले थोडे आत उतरतात. काम करतात, पण चमत्कार नाही.

बाटलीवर बारीक अक्षरात बघितलं तर ग्लिसरीनही आहे. खरं सांगायचं तर माझा जास्त विश्वास त्याच्यावर. सुकेळी उन्हात आठवडाभर वाळते, तरी काडीसारखी कडक होत नाही, चिवट आणि मऊ राहते. का? तिच्यातली साखर उरलेलं पाणी सोडत नाही. ग्लिसरीनचं तेच काम आहे, चवीलाही ते गोडच. आपल्या आया गुलाबपाण्यात ग्लिसरीन घालून बाटली फळीवर ठेवायच्या, तो टोनरच होता. नाव नव्हतं एवढंच.

मी शेतकरी माणूस, कंपनीच्या सांगण्यावर औषध मारत नाही, आधी चार ओळींवर बघतो. इथं ओळी दोनच, डावा हात आणि उजवा हात. आठ दिवस रात्री दोन्ही हात धुऊन, ओलसर असतानाच टोनर थापला. डाव्याला नुसता टोनर. उजव्यावर टोनर मुरायच्या आत कोकमतेल चोळलं, बोराएवढं. दापोलीचं विद्यापीठ याला प्रयोग म्हणणार नाही हे मलाही माहीत आहे, पण फरक दिसायला विद्यापीठ लागलं नाही. डावा हात लावल्यावर अर्धा तास छान, पहाटेच्या वाऱ्यात पुन्हा ताणलेला. उजव्याचे पापुद्रे चौथ्या दिवशी बसले, आठव्या दिवशी अंगठ्याच्या भेगा मिटल्या. त्याच वेळी मंडळीला टोनर न देता एक भाग ग्लिसरीन, तीन भाग पाणी असं कालवून दिलं आणि वर तेच कोकमतेल. तिची बोटं माझ्या उजव्या हाताइतकीच सुधारली, कदाचित जास्त. ती म्हणते जास्त. खुडणारी ती आहे, तिचं खरं.

म्हणजे गोष्ट पाण्याची कमी आणि आच्छादनाची जास्त आहे. मासानोबू फुकुओका हा जपानचाच शेतकरी, शिकोकू बेटावरचा. नांगरट न करता भाताचा पेंढा शेतावर परत पसरणारा. आपल्यातल्या कितीतरी जणांनी त्याचं वाचून केळीच्या बुडाशी पाला टाकायला सुरुवात केली. उघड्या वाफ्याला कितीही पाणी द्या, वारा ते घेऊन जाणार. कातडीचंही तसंच. कोरड्या हवेत नुसता टोनर लावून सोडला तर पाणी वर आलेलं उडून जातं आणि कधीकधी आधीपेक्षा जास्त ताणतं. म्हणून क्रम असा: कातडी ओलसर, त्यावर टोनर नाहीतर ग्लिसरीनपाणी, आणि लगेच वरून झाकण. झाकण म्हणजे कोकमतेल, खोबरेल, व्हॅसलिन, काहीही. टाचांना व्हॅसलिन सगळ्यात चांगलं, चिकट लागतं पण पाणी कोंडून ठेवण्यात त्याचा हात कोणी धरत नाही. वर जुना सुती मोजा घालून झोपा.

उलट टोकही सांगतो. पावसात चिखलात उभं राहून बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, कातडी पांढरी पडून सोलते. तिथं टोनर, तेल काही नको. तिथं पाणी जास्त झालंय, निचरा पाहिजे. धुवा, कोरडं करा, हवा लागू द्या. मी सूनबाईला म्हणालो, तुझ्या सगळ्या बाटल्यांचा अर्थ एका शब्दात आहे, वापसा. ढेकूळ मुठीत धरलं तर गोळा व्हावा, सोडलं तर फुटावा, चिखल नको आणि धूळ नको. कातडीच्या सगळ्यात वरच्या थरातलं पाणी दहा टक्क्यांच्या खाली गेलं की ती तडकते. हा तिचा वापसा मोडण्याचा बिंदू. वाचून ती म्हणाली, हे कंपनीच्या बाटलीवर छापायला पाहिजे.

सामूची गोष्ट कृषी सहाय्यक मित्रांसाठी. कातडीचा सामू पाचच्या आसपास, म्हणजे आंबट बाजूला. कपड्याच्या वडीचा आणि साध्या साबणाचा नऊ-दहा. आपण दिवसातून पाच वेळा कातडीला चुना मारतो म्हणा ना. जपानी टोनर सौम्य आंबट बाजूला ठेवलेला असतो, ही त्याची चांगली गोष्ट. पण त्याहून स्वस्त उपाय म्हणजे कपड्याच्या साबणानं हात न धुणं. केळीचा चीक निघत नाही म्हणून आपल्यात रॉकेलनं हात पुसायची खोड आहे, ती तर सोडाच. घड उतरवायच्या आधी हाताला खोबरेल चोळा आणि काम झाल्यावर पुन्हा खोबरेलानं चीक सैल करा, मग साध्या साबणानं धुवा. आणि थंडीत बंबातलं कढत पाणी अंगावर घेणं सुखाचं असलं तरी ते अंगावरचं तेल घेऊन जातं. कोमट घ्या.

युरियाचं नाव काढलं म्हणून. औषधाच्या दुकानात दहा टक्के युरिया असलेलं मलम मिळतं, टाचांच्या भेगांवर ते उत्तम. आपल्या कातडीत नैसर्गिक युरिया असतोच, तो पाणी धरतो आणि कडक थर मऊ करतो. पण हात जोडून सांगतो, गोणीतला युरिया पाण्यात कालवून हातापायाला लावू नका. त्याला कडुनिंबाचा लेप असतो, आणखी काय काय असतं, तो पिकासाठी आहे. हे लिहायची गरज नाही असं वाटत होतं. पण एकानं गंभीरपणे विचारलं म्हणून लिहिलं.

आता ज्यासाठी एवढं लिहायला बसलो ते. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले. आपण समजतो औषध नाकातोंडातून जातं. जातंच, पण कातडीतून भरपूर जातं, आणि फवारणीत औषध हातावरही पडतं. धडधाकट कातडी हे आपलं कुंपण आहे. भेगाळलेला हात म्हणजे कुंपणाला पडलेलं खिंडार. तोच हात आपण औषधाच्या बाटलीचं झाकण उघडायला, नोझल साफ करायला वापरतो. त्यामुळं हाताला ग्लिसरीन लावणं ही चैन नाही, बायकी तर मुळीच नाही. पंपाचं वायसर आपण दर हंगामाला बदलतो, हात बदलता येत नाहीत.

मात्र नीट समजून घ्या. टोनर, तेल, व्हॅसलिन ही फवारणीची ढाल नाही. फवारणीच्या आधी ते लावायचंच नाही. ओलसर आणि तुकतुकीत कातडीतून काही औषधं उलट जास्त आत शिरतात, तेलावर चिकटूनही राहतात. फवारणीला रबरी हातमोजे, लांब बाह्या, पूर्ण पायजमा. काढताना आधी हातमोजे साबणानं धुवा, मग काढा, मग हात धुवा, आंघोळ करा. त्यानंतर रात्री हाताचे लाड. भेग उघडी असेल, रक्त येत असेल तर त्या दिवशी पंप दुसऱ्याच्या खांद्यावर द्या. कामाची घाई सगळ्यांनाच असते, तरी द्या.

आणखी दोन गोष्टी पटकन. नवीन काहीही लावायचं तर आधी मनगटाच्या वर आतल्या बाजूला थोडं लावून दोन दिवस बघा. ग्लिसरीनपाणी घरी कालवलं तर दोन-तीन दिवसांपुरतंच कालवा, त्यात टिकवणारं काही नसतं, कुजतं. नुसतं घट्ट ग्लिसरीन भेगेवर चोळू नका, चरचरतं. साखरेचा आजार असलेल्यांनी टाचेच्या भेगेला घरचे उपाय करत बसू नये, डॉक्टरला दाखवावं. आणि खाजेसाठी म्हणून दुकानातून तीन औषधं एकत्र केलेली मलमं विचारल्याशिवाय आणू नका. त्यात बरेचदा स्टेरॉइड असतं. चार दिवस बरं वाटतं, मग कातडी केळीच्या जून पानासारखी पातळ होऊन फाटते आणि नायटा आतल्या आत पसरतो.

मग टोनर घ्यायचा का? चेहऱ्यासाठी घ्या, परवडत असेल तर. दिवसभर ऊन आणि खारा वारा खाल्लेल्या तोंडाला आमच्या दमट हवेत कोकमतेल जड होतं, घामात डोळ्यात उतरतं. टोनर तिथं बरा. संध्याकाळी तोंड धुऊन चार थेंब थापले की ओढ जाते आणि चिकटही लागत नाही. वर एखादं साधं क्रीम पातळ लावलं की झालं. समुद्रापार येईपर्यंत त्याची किंमत वाढते, तरी चार थेंबांच्या हिशोबानं बाटली पुष्कळ दिवस जाते. हातापायाला मात्र तो ओतू नका, ते पैसे वाया. तिथं ग्लिसरीनची बाटली, कोकमतेलाचा गोळा आणि व्हॅसलिनची डबी, तिन्ही मिळून एका जपानी बाटलीपेक्षा स्वस्त पडतात आणि अख्ख्या घराला थंडीभर पुरतात.

आमच्याकडं सध्या बाटली सूनबाईच्या आरशाजवळ आणि ग्लिसरीनपाणी पडवीत, कळ्यांच्या टोपलीशेजारी. संध्याकाळी मजूर बायकाही घरी जाताना हाताला घेऊन जातात. मागच्या आठवड्यात त्यातल्या एकीनं रेशनच्या मशीनवर अंगठा पहिल्याच वेळी लागल्याचं सांगितलं. आज रात्री नवीन कालवायचंय, पाणी उकळून गार करायला ठेवलंय.